असेंब्ली लाइनवर खांदा, मनगट, कंबर का धरते? स्टेशन मोजायचं कसं आणि बदलायचं काय?

टॅक्टटाइम (धागालेखक)

लाइनवर कुणाचा खांदा धरला, मनगट दुखायला लागलं की बहुतेक कारखान्यांत उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी 'गुडघ्यातून वाका' असं ट्रेनिंग, मग भिंतीवर पोस्टर, मग मलम आणि गोळी, आणि शेवटी त्या माणसाला हलकं काम. स्टेशन आहे तिथं, आहे तसंच राहतं. त्या जागी आलेल्या नव्या माणसाचाही पुढे तोच खांदा धरतो, आणि तरी दोष माणसाच्या सवयीलाच दिला जातो. हे मला पटत नाही, म्हणून हा धागा.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक स्टेशन समोर ठेवतो. मोनोब्लॉक पंपाची असेंब्ली, टॅक्ट (एका नगाला मिळणारा वेळ) 60 सेकंद.

डावीकडे जमिनीवर पॅलेट. त्यावर 12 किलोची हाउसिंगं (पंपाची बाहेरची कवचं). खालच्या थरातलं हाउसिंग धरताना हात जमिनीपासून 15 सेंमीवर आणि घोट्यांपासून 50 सेंमी पुढे असतात, कारण पॅलेटची कड पायांना आड येते. उचलून, अंगात 45 अंश पीळ घेऊन, 100 सेंमी उंचीच्या फिक्श्चरवर (नग पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यावर) ठेवायचं. मग गॅस्केट, कव्हर, आणि एम-8 चे चार बोल्ट 25 न्यूटन-मीटर टॉर्कला (आवळण्याच्या जोराला). शेवटी एक रबर ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) आणि एक कनेक्टर अंगठ्याने दाबून बसवायचा.

साडेसात तासांच्या निव्वळ कामात 450 नग होतात. म्हणजे 450 वेळा उचल, एकूण 5.4 टन. बोल्ट 1800, अंगठ्याचे दाब 900. हे आकडे एकदा मांडले की 'त्यात काय, बाराच तर किलो आहे' हे वाक्य टिकत नाही.

सुरुवात कुठून करावी?

---

मापपट्टी

उचलीपासून करा, कारण तिचं गणित सरळ आहे. अमेरिकेतल्या नायोश संस्थेचं 1991 चं सुधारित सूत्र वापरा. टेप आणि कोनमापक एवढंच लागतं. आदर्श स्थितीत 23 किलो धरायचे (हे वजन जवळजवळ सगळ्या पुरुषांना आणि सुमारे 75 टक्के स्त्रियांना झेपेल असं धरलं आहे) आणि स्थिती जसजशी बिघडेल तसा त्याला गुणक लावत जायचं. तुमच्या स्टेशनला लावून बघू.

आडवं अंतर: 25 भागिले 50, म्हणजे 0.5. हाताची उंची: 75 सेंमीपासून जितकी दूर, तितक्या प्रत्येक सेंमीला 0.003 वजा. इथे 60 सेंमीचा फरक, म्हणून 0.82. उचलीचा प्रवास 85 सेंमी: 0.82 अधिक 4.5 भागिले 85, म्हणजे 0.87. पीळ 45 अंश: 0.86. मिनिटाला एक उचल, पूर्ण शिफ्ट: 0.75. पकड मध्यम: 0.95.

सगळ्यांचा गुणाकार केला की शिफारस निघते 5 किलोची. आपण उचलायला लावतोय 12 किलो. निर्देशांक, म्हणजे उचललेलं वजन भागिले शिफारस, 2.4. तो 1 च्या आत हवा.

आता उपाय एकेक करून लावून बघा.

फक्त पॅलेट उंच करून हात 75 सेंमीवर आणले (मग प्रवास आणि पकड यांचे गुणकही 1 होतात): निर्देशांक 1.6.
पॅलेट जमिनीवरच ठेवून फक्त आडवं अंतर 50 वरून 30 सेंमीवर आणलं: 1.4.
दोन्ही केलं: 0.98.
दोन्ही करून पीळही काढला: 0.83.

बहुतेक ठिकाणी आधी उंचीच्या मागे लागतात, सीझर टेबल (कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारं) आणतात आणि खूश होतात. पण पॅलेटचा पलीकडचा कोपरा गाठायला हात लांबच जात असेल तर निम्मा फायदा वाया जातो. टेबलाच्या वर फिरती प्लेट हवीच, म्हणजे समोरचा कप्पा रिकामा झाला की पॅलेट फिरवून पलीकडची हाउसिंगं अंगाजवळ आणता येतात. आणि टेबलाखाली पायाचा पुढचा भाग आत जाईल एवढी, निदान 10-12 सेंमी खोल जागा सोडा. ती नसेल तर माणूस मागे उभा राहतो आणि पुढे ओणवतो.

पिळाबद्दल एक. पॅलेट आणि फिक्श्चर एका सरळ रेषेत आणलं तर पीळ जातो. ते जमत नसेल तर उलट करा, दोघांमध्ये निदान एक पाऊल अंतर ठेवा. अंतर कमी असलं की माणूस पाय न हलवता कमरेतून वळतो, जास्त असलं की आपोआप पाऊल टाकतो.

---

शेवटचा_बोल्ट

गणित छान मांडलंत, पण ते उचलीच्या सुरुवातीचं झालं. हाउसिंग फिक्श्चरच्या पिनांवर अचूक बसवायचं असतं, म्हणजे शेवटच्या टोकाला वजन हातावर तोलून धरावं लागतं. असं असेल तर त्या टोकाचंही गणित वेगळं करावं लागतं. फिक्श्चर टेबलाच्या कडेपासून आत असेल आणि हात 40 सेंमी पुढे जात असतील, तर सुधारलेल्या मांडणीतही शेवटच्या टोकाचा निर्देशांक 1.2 येतो. फिक्श्चर 10 सेंमी पुढे ओढलं की 0.9.

चार बोल्ट काढून फिक्श्चर पुढे घ्यायचं, एवढंच काम आहे. खर्च जवळजवळ शून्य. पिनांना वरून गोलाई किंवा 15-20 अंशांचा निमुळता उतार दिला तर तोलून धरण्याचा वेळही कमी होतो.

---

बी_शिफ्ट

लाइन लीडर म्हणून विचारतो. गुडघ्यातून वाकायला शिकवून खरंच काही फरक पडत नाही का? दरवर्षी तेच ट्रेनिंग होतं.

---

स्नायूबंध

मी फिजिओथेरपीच्या बाजूने उत्तर देते, दादा. कमरेच्या मणक्यावर येणारा भार मुख्यतः वजन अंगापासून किती लांब आहे त्यावर ठरतो. वस्तू दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत असेल तर गुडघ्यातून वाकण्याचा उपयोग होतो. पॅलेटच्या कडेला उभं राहून ते शक्यच नसतं. गुडघे पुढे आले की वस्तू आणखी लांब जाते. शिवाय दर मिनिटाला पूर्ण बसून उठणं म्हणजे शिफ्टमध्ये 450 उठाबशा. शरीर ते टाळणारच. तो आळस नाही, शरीर आपली ताकद वाचवतंय. ट्रेनिंग जरूर द्या, पण टेबल उंच कसं करायचं, बॅलन्सर (टूलचं वजन वरून तोलून धरणारी स्प्रिंगची दोरी) कसा लावायचा, दुखणं कधी सांगायचं याचं द्या.

आता दुखण्याची भाषा, कारण ती ओळखता आली तर स्टेशनमधली चूक लवकर सापडते.

रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं: मनगटातली मधली नस दाबली जातेय. मनगट वाकवून जोर लावण्याचं काम शोधा.
अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वळवलं की कळ येते: अंगठ्याने दाबण्याचं काम शोधा.
कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं: गच्च पकडून मनगट ताठ धरावं लागणारं टूल.
खांद्याच्या वरच्या भागात, हात वर नेताना ठराविक टप्प्यात कळ: उंचावरचे बिन (सुट्या भागांचे डबे), वर टांगलेलं टूल, किंवा गरजेपेक्षा उंच टेबल.

नुसता थकवा असेल तर तो रात्रीच्या झोपेनंतर जातो. सकाळी उठतानाही दुखत असेल आणि सुट्टीच्या दिवशीही राहत असेल तर गोष्ट पुढे गेलीय. हातातून वस्तू सुटणं, बोट बधिर राहणं, पायात कमरेपासून उतरणारी कळ, यांपैकी काही असेल तर थेट डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

---

टूलक्रिब

माझा विषय बोल्टचा. 25 न्यूटन-मीटर ऐकायला लहान वाटतं. पिस्तुली पकडीच्या टूलमध्ये हात स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) रेषेपासून साधारण 12 सेंमी खाली असतो. 25 भागिले 0.12 म्हणजे 208 न्यूटन, सुमारे 21 किलोंचा झटका मनगटावर. बोल्ट बसताना हात मागे फेकला जातो आणि स्नायू मात्र आवळलेला असतो, म्हणजे ताणला जाता जाता जोर लावतो. स्नायू आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सगळ्यात जास्त दुखावतात त्या अशा कामात. तुमच्या पंपाला गॅस्केट आहे, म्हणजे सांधा मऊ. टॉर्क चढायला वेळ लागतो आणि तो झटका जास्त वेळ हातात राहतो.

ढोबळ मर्यादा अशा धरतात: सरळ दांड्याच्या टूलला 3, पिस्तुलीला 7 आणि काटकोनी डोक्याच्या टूलला 50 न्यूटन-मीटर. त्यापुढे रिअ‍ॅक्शन आर्म लावायचाच, म्हणजे झटका माणसाच्या हाताऐवजी लोखंडी खांबात जातो. तुमच्या 25 ला पिस्तुली टूल आर्मशिवाय नको. 40 सेंमी लांबीचं काटकोनी नटरनर (बोल्ट आवळायचं पॉवर टूल) घेतलं तर तोच झटका 62 न्यूटनवर, म्हणजे 6 किलोंच्या आसपास येतो.

बरेच जण इथे पळवाट काढतात: इम्पॅक्ट रेंच द्या, त्याला झटका नसतो. झटका नसतो हे खरं, पण कंप येतो, आवाज येतो आणि टॉर्कही नेमका राहत नाही. युरोपातल्या 2002 च्या नियमांप्रमाणे हाताला बसणारा कंप आठ तासांच्या हिशेबाने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गाला पोचला की उपाय सुरू करायचे, आणि 5 च्या वर जाऊच द्यायचा नाही. टूलचा कंप 6 असेल आणि बोल्टमागे ट्रिगर 2 सेकंद दाबला जात असेल, तर 1800 बोल्टचा एक तास होतो आणि हिशेब येतो 2.1. ट्रिगर 3 सेकंद दाबला गेला की 2.6, म्हणजे रेषा ओलांडली. आणि हा तिसरा सेकंद पुष्कळदा कशामुळे वाढतो? लाइनवर हवेचा दाब कमी पडतो म्हणून. टूल चालू असताना टूलच्याच तोंडाशी गेज लावून बघा. कॉम्प्रेसर रूममधलं गेज 7 बार दाखवत असेल आणि शेवटच्या स्टेशनला, बारीक होज आणि दोन-तीन कपलिंगांतून हवा पोचेपर्यंत, 5 च राहिलेले असतील.

बॅलन्सरचं सांगतो, कारण बॅलन्सर आहे पण त्रास तसाच, अशी तक्रार फार असते. टूल, सॉकेट आणि हवेत लोंबणारी होज, तिन्हींचं मिळून वजन काट्यावर करा. ते बॅलन्सरच्या पल्ल्याच्या मधोमध यायला हवं. मग ताण असा लावा की टूल कामाच्या उंचीवर सोडलं तर तिथंच तरंगत राहील. नेहमीची चूक म्हणजे टूल पटकन वर जावं म्हणून ताण जास्त ठेवणं. मग प्रत्येक नगाला माणूस दोन-तीन किलोंनी ते खाली ओढतो आणि बोल्ट बसेपर्यंत ओढून धरतो. खांदा तिथे जातो. दुसरी चूक म्हणजे बॅलन्सर कामाच्या बरोबर वर नसणं. 30 सेंमी बाजूला असला तरी टूल सतत तिरकं ओढलं जातं. छोटी रेल आणि सरकती ट्रॉली लावली की प्रश्न मिटतो. सुरक्षा साखळी दुसऱ्या, स्वतंत्र आधाराला अडकवा, बॅलन्सरच्याच हुकाला नको.

आणि 13 चं सॉकेट झिजलं की बदला. झिजलेलं सॉकेट घसरू नये म्हणून माणूस टूल पुढे रेटतो. स्क्रूचंही तसंच. क्रॉस खाच बिटला बाहेर ढकलते, म्हणून दाबून धरावं लागतं. टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या) खाचेला तेवढा दाब लागत नाही. डिझाइनवाल्यांना हे आवर्जून सांगा, त्यांना लाइनवरून कुणी सांगत नाही.

---

टॅक्टटाइम

फार उपयोगाचं. ग्रोमेट आणि कनेक्टरचं काय करायचं? तिथे टूलच नाही.

---

शेवटचा_बोल्ट

तिथे आधी मागच्या प्रक्रियेत जाऊन बघा. ग्रोमेटच्या भोकाला बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिली असेल, चॅम्फर (तिरकी कापलेली कड) नसेल तर अंगठ्याला लागणारा जोर वाढतो. त्या भोकाला 1 मिमीचा चॅम्फर द्या आणि ग्रोमेट साबणाच्या पातळ पाण्यात बुडवा. तेल नको, रबर फुगतं. कनेक्टरला छोटा हँड प्रेस किंवा तळव्यात मावणारा, पुढे खाच असलेला नायलॉनचा ठोकळा बनवा, म्हणजे दाब अंगठ्याच्या पेराऐवजी हाताच्या पूर्ण मुठीतून जातो. टूल रूममध्ये एका दुपारचं काम.

कव्हर बसत नाही म्हणून तळव्याने ठोकणं हा त्यातलाच प्रकार. तळव्याच्या मुळाशी नसा आणि रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. ठोकावं लागतंय म्हणजे डॉवेलचं (जुळवणीच्या पिनेचं) माप चुकलंय किंवा कास्टिंगवर फ्लॅश (ओतकामाची पातळ पापडी) राहिलीय. तो क्वालिटीचा दोष म्हणून नोंदवा. क्वालिटीचा शिक्का बसला की पुरवठादाराकडे दुसऱ्या दिवशी मेल जातो.

---

मापपट्टी

टेबलाच्या उंचीबद्दल. उभ्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या उंचीच्या साधारण 63 टक्के असते. 165 सेंमीच्या माणसाची 104, 150 सेंमीच्या बाईंची 94.5. वर बुटाचे 2-3 सेंमी. हलक्या असेंब्लीला हात कोपराच्या 5 ते 10 सेंमी खाली चालावेत, जोर लावायचा असेल तर 15 सेंमी किंवा आणखी खाली, बारीक नजरेचं काम असेल तर कोपराच्या थोडं वर आणि हाताला टेकू.

इथे 'हात' हा शब्द महत्त्वाचा. टेबल 90 सेंमीचं केलं, त्यावर 15 चं फिक्श्चर, त्यावर 20 चा नग, की हात 125 वर गेले. खांदे दिवसभर उचललेले. टेबलाची उंची वरून खाली काढायची: आधी हात, मग त्यातून नग आणि फिक्श्चर वजा.

स्त्री-पुरुष दोघंही एकाच स्टेशनवर असतील तर उंची बदलणारं फिक्श्चर उत्तम. परवडत नसेल तर उंच माणसासाठी स्टेशन लावा आणि इतरांना 10 सेंमीचा प्लॅटफॉर्म द्या. पण तो पूर्ण स्टेशनच्या लांबीचा हवा, पाट ठेवल्यासारखा नको. मागे पाऊल टाकलं की घसरायला होतं. भारतीय शरीरमापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केली आहेत, परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलू नका.

वारंवार लागणारे बिन टेबलाच्या कडेपासून 40 सेंमीच्या आत, तिरके, कधीमधी लागणारे 60 पर्यंत. खांद्याच्या वर काहीच नको.

---

बी_शिफ्ट

रूला स्कोअर (शरीराच्या स्थितीला दिलेले धोक्याचे गुण) कुणाचा, कधीचा घ्यायचा? आमच्याकडे सगळ्या स्टेशनांना 3 येतो.

---

मापपट्टी

सगळ्यांना 3 येतोय म्हणजे माणूस सरळ उभा असतानाचा फोटो घेऊन भरलाय. दोन बाजूंनी निदान दहा सायकलींचा व्हिडिओ घ्या, त्यातली सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त वेळ टिकणारी अशा दोन स्थिती थांबवून मोजा. उंच आणि ठेंगणा, दोघांच्याही. मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा तीच हालचाल असेल तर 1 वाढवायचा असतो, आणि 2 ते 10 किलोंचा जोर पुन्हा पुन्हा लागत असेल तर आणखी 2. हे दोन रकाने रिकामे सोडले की 6 चा 3 होतो. 5-6 आला तर लवकर बदल, 7 आला तर ताबडतोब. आणि रूला मुख्यतः मान-खांदा-हातासाठी आहे, पॅलेटवर ओणवण्याला रेबा (पूर्ण शरीरासाठीची तशीच पद्धत) वापरा.

---

स्नायूबंध

रोटेशनबद्दल मीच लिहिते, कारण कागदावर रोटेशन असतं आणि खांद्याला विश्रांती नसते. बोल्टिंगवरून दुसऱ्या बोल्टिंगवर पाठवणं हे रोटेशन नाही. प्रत्येक स्टेशनसमोर खांदा, मनगट-अंगठा, कंबर, पाय असे रकाने करा आणि लाल-पिवळा-हिरवा रंग द्या. लागोपाठची दोन स्टेशनं एकाच रकान्यात लाल असता कामा नयेत. दर दोन तासांनी बदल पुरे. सगळीच स्टेशनं खांद्याला लाल असतील तर रोटेशनने ते दुखणं फक्त सगळ्यांमध्ये वाटलं जाईल. तेव्हा आधी स्टेशन.

तासाला दोन-तीन मिनिटांचा थांबा हा चार तासांनी मिळणाऱ्या एका मोठ्या सुट्टीपेक्षा कंडरांना जास्त मानवतो. ओव्हरटाइमच्या दिवशी तर हवाच.

कमरेच्या पट्ट्याबद्दल विचारणार असाल तर: नायोशने 1994 मध्येच तो इजा टाळण्याचं साधन म्हणून सुचवायला नकार दिला, आणि 2000 साली दुकानांत माल हाताळणाऱ्या 9 हजारांवर कामगारांच्या पाहणीतही पट्ट्यामुळे कंबरदुखी कमी झाल्याचं दिसलं नाही. पट्ट्यांवर घालवायचे पैसे सीझर टेबलाच्या फिरत्या प्लेटला लावा.

---

बी_शिफ्ट

सगळं पटतंय, पण एक अडचण उघड बोलायला हवी. कंत्राटी आणि ट्रेनी पोरं दुखणं सांगतच नाहीत. सांगितलं तर उद्या गेटवर नाव नसेल, ही भीती असते. मुली तर आणखीच गप्प राहतात.

---

स्नायूबंध

हो, आणि म्हणूनच नोंद माणसाच्या नावाने न ठेवता स्टेशनच्या क्रमांकाने ठेवा. शरीराचं चित्र असलेला कागद, दर महिन्याला, निनावी. गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं तिथे खूण. 1987 ची नॉर्डिक प्रश्नावली याच पद्धतीची आहे. मराठीबरोबर हिंदीतही छापा, लाइनवर बाहेरची पोरं बरीच असतात. एका स्टेशनच्या कागदांवर उजव्या खांद्याला तीन खुणा पडल्या की स्टेशन तपासायचं, माणूस शोधायचा नाही. आणि हे कागद कंत्राटदाराच्या हाती जाऊ देऊ नका. यात तडजोड नको.

मदत हवी असेल तर मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत कामाच्या जागेच्या एर्गोनॉमिक्सचा (काम माणसाच्या शरीराला जुळवण्याच्या शास्त्राचा) विभाग आहे.

---

टॅक्टटाइम

मग क्रम असा धरतो. या आठवड्यात फिक्श्चर 10 सेंमी पुढे, बॅलन्सरचं वजन-ताण, हवेचा दाब, नायलॉन ठोकळा. यांना मंजुरी लागत नाही. फिरत्या प्लेटचं सीझर टेबल आणि काटकोनी नटरनर यांचा प्रस्ताव, सोबत 2.4 आणि 0.83 चं गणित. बदलाआधीचा व्हिडिओ आणि कागद आत्ताच घेऊन ठेवतो. एक शेवटचं: आठ तास उभं काम आहे, मॅट टाकावी का?

---

टूलक्रिब

टाका, 12 ते 20 मिमीची, दाबली की लगेच वर येणारी. फार मऊ घेतली तर पाय रुतून घोटे दुखतात. सोबत 10-15 सेंमी उंचीची पाय टेकायची दांडी द्या, आणि चाचणीची वाट बघताना टेकायला उंच स्टूल. उभ्या कामगारांना बसायची सोय 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 44 मध्येही सांगितली होती (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). मॅटवर तेल सांडणार असेल तर भोकं असलेली नायट्राइलची घ्या, आणि चारी कडा उताराच्या हव्यात, नाहीतर हाउसिंगच्या ट्रॉलीचं चाक तिथंच अडकेल आणि ती रेटायला पुन्हा कंबरच लागेल.